परसबाग लावा म्हणता, पण परस आहे कुणाकडं?

मंठेकर मित्रांनो, पोस्ट जरा लांब आहे. पण विषय रोजच्या भाजीचा आहे आणि आपल्या गावातल्या मोकळ्या जागांचा आहे. शेवटपर्यंत वाचा, मग पटलं नाही तर खुशाल भांडा.

‘उमेद’ अभियानानं ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम गावोगाव राबवली. बचत गटातल्या बायकांनी घराजवळ गोल वाफे केले, त्यात मेथी, पालक, वांगी, दोडका, कारलं लावलं. शाळांमध्येही पोषण आहारासाठी परसबागा झाल्या. काम चांगलंच आहे, त्यात खोट काढायची नाही. पण एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. परसबाग लावायला आधी घरामागं परस पाहिजे ना?

खेड्यात ज्याचा वाडा आहे, गोठा आहे, त्याच्याकडं ते आहे. पण खेडं सोडून मंठ्यात खोली करून राहिलेल्या माणसाचं काय? लेकरांच्या शाळेसाठी कुणी आलं, कामासाठी कुणी आलं, शेती परवडेना म्हणून कुणी आलं. दहा बाय बाराची खोली, समोर रस्ता, मागं दुसऱ्याची भिंत. यातल्या कितीतरी बायांचं आयुष्य रानात गेलंय. वाफा कसा बांधायचा, मेथीचं बी किती दाट टाकायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही. हातात कसब आहे, अंगात कष्ट आहेत, नाही ती फक्त हातभर जमीन. मग पावशेर मेथी, दहा रुपयांची कोथिंबीर अशी विकत आणायची. आणि दर चढला की सगळ्यात आधी ताटातली भाजीच कमी होते. भाकरी कमी होत नाही, भाजी कमी होते.

याचा परिणाम कुठं दिसतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. पाच वर्षांखालच्या ३५ टक्के लेकरांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली आढळली. एका पालेभाजीनं हे सगळं सुटणार नाही, मान्य. पण रोज ताटात हिरवं काहीतरी असणं यातला एक भाग आहेच.

आपला जिल्हा बियाण्यांसाठी देशात ओळखला जातो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशाला भाजीपाल्याचं बी पुरवणारा जिल्हा आपला, आणि आपल्याच तालुक्याच्या गावात भाजी पिकवता येणाऱ्या बाईला वाफाभर जागा मिळू नये?

आता दुसरी बाजू बघा. जालना रोड, लोणार रोड, जिंतूर रोड, जिकडं जाल तिकडं प्लॉटिंग. प्रत्येक मंजूर ले-आउटच्या नकाशावर एक हिरवा चौकोन असतो, त्यावर ‘ओपन स्पेस’ लिहिलेलं असतं. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ही जागा तिथं राहणाऱ्या सगळ्यांच्या वापरासाठी असते. नकाशावर तिथं बाग असते. प्रत्यक्षात काय असतं? गाजरगवत, काटेरी बाभळी, बांधकामाचा राडारोडा आणि डुकरं. मग एक दिवस कुणीतरी तिथं वाळू टाकतं, दुसऱ्या दिवशी पत्र्याचं शेड उभं राहतं, आणि पाच वर्षांनी जागा नेमकी कुणाची यावर वाद सुरू होतो.

कायदा या जागांच्या बाजूनं आहे. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी दवाखान्याला दिली होती, तेव्हा १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं लोकांच्या मोकळ्या जागेचा असा सौदा करता येणार नाही असं ठरवलं. पण कोर्टात जायचं कुणी? मोकळी जागा कोर्टापेक्षा रोजच्या वावरानं जास्त वाचते. जिथं रोज सकाळी पाच बाया पाणी द्यायला येतात, तिथं रात्रीतून शेड उभं राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मंठ्यातल्या एका तरी ओपन स्पेसचा अर्धा भाग वाफे पाडून गावातल्या लोकांना वर्षाच्या भाड्यानं द्यावा. अर्धा भाग लेकरांच्या खेळायला, झाडांना आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला ठेवावा.

हिशोब करून बघू. दोन एकराचा ले-आउट धरला तर ८० गुंठे. त्याची १० टक्के मोकळी जागा म्हणजे ८ गुंठे. त्यातले ४ गुंठे वाफ्यांना घेतले तर साधारण ४,३५० चौरस फूट होतात. चालायच्या वाटा सोडून १० बाय १५ फुटांचे वीस वाफे आरामात बसतात. १० बाय १५ म्हणजे कुणाला चेष्टा वाटेल. पण त्यात एका कडेला मेथी, एका कडेला पालक, चार वांगी, दोन मिरच्या, कुंपणावर दोडका आणि वाल असं लावलं तर चार माणसांच्या घराचा भाजीचा खर्च बराच हलका होतो. महिन्याभरात मेथी काढायला येते. विकायला नाही, खायला. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं त्यावरच सगळं अडतं.

वाटा की भाडं?

आपल्याकडं जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची रीत नवी नाही. बटई आहे, ठोका आहे, निम्म्यानं देणं आहे. मग ओपन स्पेस निम्म्या वाट्यानं का नको, असं कुणी विचारेल. त्याला कारण आहे.

सोयाबीन, कापूस, तूर यांची बटई चालते, कारण माल एकदाच किंवा मोजक्या वेळी घरात येतो. काट्यावर वजन होतं, खर्च वजा होतो, वाटणी होते. भाजीचं तसं नसतं. भाजी रोज मूठमूठ निघते. आज चार भेंड्या, उद्या पाच मिरच्या. त्याचं वजन कोण करणार आणि वाटा कोण मोजणार? ‘तू काल कोथिंबीर नेलीस, मला सांगितलं नाहीस’ इथून सुरू होतं आणि बोलणं बंद होण्यावर संपतं. गावाच्या कडेच्या प्लॉटवर निम्म्यानं भाजी करणाऱ्या कुणालाही विचारा, भांडण कशावरून होतं ते सांगतील. वर, पीक हाताशी आलं की ‘प्लॉटला गिऱ्हाईक आलंय, जागा मोकळी करा’ हे ठरलेलं. तोंडी व्यवहार, मग बोलायची सोय नाही.

म्हणून भाजीच्या वाफ्याला वाटा नको, ठरलेलं भाडं पाहिजे. वर्षाला ३६५ रुपये ठेवा, म्हणजे दिवसाला एक रुपया. वीस वाफ्यांचे ७,३०० रुपये होतात. पाइप, मोटारीची किरकोळ दुरुस्ती आणि कुंपणाची डागडुजी एवढ्यात निघावी. आणि पैसे भरणाऱ्या माणसाला हक्कानं बोलता येतं, फुकट घेणाऱ्याला येत नाही. वाफ्यात काय लावलं, किती निघालं, शेजारणीला किती दिलं, याचा हिशोब मग कुणी कुणाला द्यायचा नाही.

दोन घरांना मिळून एक वाफा घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा. एकीला पाळीचं काम आहे, दुसरीला सकाळी वेळ आहे, असं जमतं. पण वाटणी मालाची करू नका, दिवसांची करा. सोमवार ते बुधवार एकीचं पाणी आणि एकीची तोडणी, पुढचे तीन दिवस दुसरीचे, रविवारी दोघींनी मिळून खुरपायचं. आणि पावतीवर दोघींची नावं पाहिजेत.

हे नवीन नाही

कुणाला वाटेल, पेपरवाल्याला काहीतरी खूळ सुचलं. तसं नाही. मुंबईत लोकलनं जाताना रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, भेंडीचे वाफे तुम्ही पाहिले असतील. ‘ग्रो मोअर फूड’ नावाच्या योजनेत रेल्वेनं आपली पडीक जागा आपल्याच कर्मचाऱ्यांना परवान्यावर भाजी लावायला दिली. हेतू दोन. जागेत काहीतरी पिकावं, आणि जागेवर अतिक्रमण होऊ नये. म्हणजे मी वर जे म्हणतोय तेच. पण त्याच योजनेतून दुसरा धडाही मिळतो. कित्येक ठिकाणी या भाजीला नाल्याचं सांडपाणी दिलं जातं अशा तक्रारी झाल्या आणि योजना बदनाम झाली. जागा दिली, पाण्याचा विचार केला नाही, की असं होतं.

आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायकांबरोबर काम सुरू केलं. पुढं त्यांनी ‘एक एकर’ची पद्धत पुढं आणली. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईनं नवऱ्याकडून, सासऱ्याकडून मागून घ्यायचा आणि त्यात कमी पाण्यावर भाजी, डाळी, धान्य असं घरात खायचं पिकवायचं. काय लावायचं ते तिनं ठरवायचं. २०१६ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तिथं बाईला जमीन घरातून तरी मागता आली. आपल्याकडं ज्या घरालाच जमीन नाही, तिथल्या बाईनं कुणाकडं मागायची? तिच्यासाठी गावानं, नगरपंचायतीनं पुढं यायला पाहिजे.

केरळमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या कुटुंबश्रीच्या बायकांनी गट करून दुसऱ्याची पडीक जमीन ठोक्यानं घेतली आणि भात, केळी, भाजी पिकवली. एकटीला जमीन द्यायला मालक कचरतो, गटाला देतो, कारण गटाच्या मागं पंचायत उभी असते.

इंग्लंडमध्ये तर १९०८ सालापासून कायदाच आहे. गावातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली की स्थानिक संस्थेला भाजीच्या वाफ्यांचा विचार करावाच लागतो. फक्त सहा! तिथं लोक वर्षाचं भाडं भरून वाफा घेतात आणि आपला नंबर लागावा म्हणून कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं थांबतात. आपल्याकडं असा कायदा नाही. पण सहा जणांनी अर्ज करायला कोणत्या कायद्यानं अडवलंय?

कागद महत्त्वाचा

आता खरी अडचण. मराठवाड्यात जमीन दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हटलं की माणूस घाबरतो. त्या भीतीला इतिहास आहे. आपल्याकडं हैदराबाद संस्थानातला १९५० चा कुळवहिवाट कायदा लागू झाला, कसणाऱ्याला संरक्षण मिळालं. कायदा न्यायाचाच होता. पण तेव्हापासून मालकाच्या मनात एकच गोष्ट बसली, की कागद केला तर कूळ लागेल. म्हणून बटई तोंडी, ठोका तोंडी, सगळं तोंडी.

दुसऱ्या टोकाला गायरान बघा. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली मोठा सत्याग्रह झाला, हजारो माणसं तुरुंगात गेली. पुढं सरकारनं १४ एप्रिल १९९० ही तारीख धरून भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. तरी मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसूनही सातबारा नसलेली कुटुंबं आजही आहेत. कागद नसला की मालक घाबरतो आणि कसणाराही भितो. दोघांच्या भीतीवर उपाय एकच, स्वच्छ शब्दांत लिहिलेला मुदतीचा कागद.

ओपन स्पेस ही शेतजमीन नाही, तिथं कूळ लागायचा प्रश्न येऊ नये. पण ती सगळ्यांची जागा आहे. म्हणून आधी त्या ले-आउटमधल्या रहिवाशांची बैठक आणि संमती. जागा नगरपंचायतीच्या ताब्यात असेल तर रीतसर ठराव. नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या १९६५ च्या कायद्यात मालमत्ता वापरायला देण्याची पद्धत दिलेली आहे, ती पाळावी लागेल. मुख्याधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर हे काम अवघड नाही. आणि जागेचा वापर बदलत नाही. हिरवी जागा हिरवीच राहते.

लोक काय म्हणतील

पहिलं, ‘उद्या हेच लोक ताबा मारतील.’ त्यासाठी ११ महिन्यांचा परवाना द्या. झोपडी नाही, शेड नाही, पक्कं बांधकाम नाही, मोठं झाड नाही, वाफा दुसऱ्याला परस्पर द्यायचा नाही. दरवर्षी पाडव्याच्या आधी वाफे मोकळे होतील, पाडव्याला नवे नंबर निघतील. आपल्याकडं सालगड्याचं साल पाडव्यालाच बदलतं, हेही तसंच. आणि खरं सांगायचं तर ओपन स्पेसवर आजपर्यंत ताबा मारला तो मेथी लावणाऱ्या गरिबांनी नाही. कुणी मारला ते गावाला माहीत आहे.

दुसरं, ‘प्यायला पाणी नाही आणि तुम्ही भाजी लावता.’ हा आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानतो. म्हणून नळाचं पाणी एक थेंबही नको. दीडशे चौरस फुटांच्या वाफ्याला दिवसाला चार-पाच घागरी पाणी पुरतं. वीस वाफ्यांचं दीड हजार लिटरच्या आत बसतं. ज्या ले-आउटमध्ये बोअर आहे तिथूनच सुरुवात करा. पाण्याची पाळी फळ्यावर लिहा. विहिरीच्या पाळीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आपण पाहिलेत, त्यामुळं तोंडी पाळी नकोच. आणि वाफे बारमाही ठेवायचा हट्ट नको. पावसाळा आणि हिवाळा मिळून आठ महिने करा. बोअर आटला की बंद. उन्हाळ्यात जमीन तापू द्या, पुढच्या हंगामाला बरंच असतं ते. नालीचं पाणी देणाऱ्याचा वाफा त्याच दिवशी रद्द, इथं दयामाया नको.

तिसरं, ‘वाफे नगरसेवकांच्या माणसांनाच मिळतील.’ ही शंका रास्त आहे. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या, त्याही चौकात, सगळ्यांसमोर, लहान लेकराच्या हातानं. निम्मे वाफे ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, जे भाड्यानं राहतात आणि ज्या बाया एकट्या घर चालवतात त्यांच्यासाठी. उरलेले सगळ्यांसाठी. ज्यांचे वीस एकर बागायत आहे त्यांनी कृपया अर्ज करू नये.

चौथं, जे कुणी उघड म्हणत नाही पण मनात असतं. शेजारचा वाफा कुणाचा? कोणत्या वस्तीतला, कोणत्या समाजाचा? म्हणून सांगतो, नंबर जसा निघेल तसा वाफा. अमक्याची रांग वेगळी, तमक्याचा नळ वेगळा, हे चालणार नाही. पाणी एकाच टाकीतून. ज्याला हे जमत नसेल त्यानं बाजारातून भाजी आणावी. ती कुणाच्या रानातून आली हे तिथं कुणी विचारत नाही, मग इथंच का विचारायचं?

पाचवं, चोरी आणि जनावरं. कुंपण लागेल, तो पहिला खर्च. त्याला लोकवर्गणी करता येईल. गणपतीला, जयंतीला, उरुसाला आपण वर्गणी गोळा करतोच की. पहिली साफसफाई इर्जिक घालून करावी. एका रविवारी वीस घरांतली चाळीस माणसं आली तर गाजरगवत दुपारपर्यंत संपतं. वाफ्यातून दोन जुड्या कुणी नेल्या तर तेवढ्यासाठी योजना बंद पाडायची नाही.

नियम एका पाटीवर

फार मोठी नियमावली नको. वाचता येईल एवढी एक पाटी बागेच्या तोंडाशी लावा. परवाना ११ महिन्यांचा. भाडं वर्षाला एकदा, पावतीसह. एका घराला एकच वाफा. पाणी फळ्यावरच्या पाळीनं. जहाल औषधं फवारायची नाहीत, कारण शेजारच्या वाफ्यातली भाजी दुसऱ्याचं लेकरू खाणार आहे. सलग एक महिना वाफा पडीक ठेवला तर पुढच्या नंबरला. वाद झाला तर वाफेदारांनी निवडलेल्या पाच जणांनी मिटवायचा, त्यात तीन बाया पाहिजेत. जमाखर्च दर तीन महिन्यांनी त्याच पाटीशेजारी लावायचा. बस्स.

मी काही एकदम सगळ्या ओपन स्पेसची मागणी करत नाही. एक जागा, वीस वाफे, एक वर्ष. मृगाला सुरुवात करा, पाडव्याला हिशोब मांडा. नाही जमलं तर वाफे मोडा, जागा आहे तिथंच आहे, कुठं जात नाही. जमलं तर दुसऱ्या ले-आउटचा विचार करा. नगरपंचायतीचा यात फार पैसाही जात नाही, म्हणून टेंडर नाही, म्हणून कुणाला टक्काही नाही. कदाचित हीच या योजनेची सगळ्यात मोठी अडचण ठरेल.

आता काम तुमचं. ज्यांच्या ले-आउटमध्ये बोअर आहे, ओपन स्पेस अजून शिल्लक आहे आणि शेजारपाजाऱ्यांची तयारी आहे, अशा सहा जणांनी एकत्र यावं. मंजूर नकाशाची प्रत नगरपंचायतीतून काढावी. मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागावी. अर्ज साध्या कागदावर लिहावा, आवक नंबर घ्यायला विसरू नये. लिहून द्यायला मी येतो, बातमी करायलाही मीच आहे. फक्त सह्या तुमच्या पाहिजेत.